कुलदीपने न विचारलेली जागा

आखाडा बाळापूरच्या पेठेत कोणाची काही वस्तू हरवली, तर आधी कुलदीप आडे याला निरोप जाई. दुकानाची किल्ली असो, म्हातारीच्या नाकातली फुली असो की बाजारात दावे तोडून गेलेली शेळी असो. कुलदीप येई, हरवणाऱ्याला दोन-चार प्रश्न विचारी, थोडा वेळ स्तब्ध उभा राही आणि मग सरळ जाऊन ती वस्तू काढून देई. लोक कौतुकाने म्हणत, "ह्याच्या डोळ्यात देवानं काय घालून ठेवलंय कोणास ठाव." पुढे पुढे ही स्तुती त्याला नकोशी झाली. त्याचे कारण फार थोड्यांना माहीत होते. ज्या एका जागेची त्याच्या घराला खरोखर गरज होती, ती जागा त्याला सापडली नव्हती, आणि त्यात दोष त्याच्या डोळ्यांचा नव्हता.

कुलदीपचा जन्म बाळापूरपासून कोसभरावरच्या तांड्यातला. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालीत. आगगाडी आली आणि ते काम गेले. पण बैल आणि वाट यांची संगत काही सुटली नाही. त्याचे वडील किसनसिंग लाल कंधारी गोऱ्हे विकत घेत, ते पायी हाकीत कळमनुरी, हिंगोली, पुसेगाव, साखरा असे मुक्काम करीत रिसोडच्या अंगाला नेत आणि तिकडच्या शेतकऱ्यांना विकत. नव्वद सालानंतरची काही वर्षे, शाळेला सुटी लागली की कुलदीपही त्यांच्याबरोबर चाले.

शोधण्याची विद्या त्याला तिथेच मिळाली. एकदा हिंगोलीच्या अलीकडे मुक्कामावरून एक गोऱ्हा सुटला. कुलदीप कयाधूच्या काठाने खुरांचे ठसे हुडकीत धावत होता आणि किसनसिंग मात्र झाडाखाली बिडी ओढीत बसले होते.

"बापू, बसून काय राहिले तुमी? गोऱ्हा दूर जाईल ना!"

"तू काय बघून राहिला?"

"ठसे."

"ठसे म्हंजे तो कुठं होता ते. तो कुठं जाईल ते बघ की. काल त्याला जोडीदारापासून तोडलं आपण. जोडीदार कोणी नेला?"

"त्या मळ्यावाल्यानं."

"मग ऊठ, मळ्यात जा. अन् येताना दोन कणसं आण. भूक लागली."

गोऱ्हा मळ्याच्या बांधावर, आपल्या जोडीदाराच्या मानेवर मान टाकून उभा होता. कणसे मात्र मळ्यावाल्याने दिली नाहीत, याचीच चर्चा पुढे दोन मुक्काम पुरली.

दशकाच्या अखेरीस गुरे मालमोटारींतून जाऊ लागली. चार दिवसांची वाट चार तासांची झाली, आणि पायी चालणाऱ्या व्यापाऱ्याला कोणी विचारीनासे झाले. किसनसिंगांनी शेवटची जोडी विकली आणि ते तांड्यालगतच्या कोरडवाहू तुकड्यात तूर पेरू लागले. पुसेगाव-साखऱ्याच्या वाटेला त्यांचे पाय पुन्हा लागले नाहीत.

त्या वाटेवर त्यांची एक ठेव होती. बहात्तरच्या दुष्काळात तांड्यातली काही कुटुंबे गुरे जगवण्यासाठी चाऱ्याच्या शोधात निघाली. किसनसिंग आणि त्यांची पत्नी जिवनबाई तेव्हा तरुण होती. पहिली मुलगी केशर नुकती बोलू लागली होती. पुसेगाव मागे टाकल्यावर मायलेकी दोघींना ताप भरला. जिवनबाई गाडीत बेशुद्ध पडली आणि ती शुद्धीवर आली तेव्हा तिच्या कुशीत लेकरू नव्हते. तांड्याच्या रीतीप्रमाणे लग्न झालेल्याला अग्नी देतात आणि लेकराला मातीत ठेवतात. पुरुषांनी केशरला ठेवले होते, वर दगड रचले होते आणि गाड्या पुढे निघाल्या होत्या. त्या पुरुषांपैकी पुढे एकटे किसनसिंगच उरले.

जिवनबाईने जागा विचारली नाही असे एक वर्ष गेले नाही. दिवाळीतल्या काळ्या अमावस्येला तांड्यात धबुकार करतात, म्हणजे निखाऱ्यांवर तूप आणि लापशी सोडून गेलेल्यांची नावे घेतात. सगळी नावे घेऊन झाली की जिवनबाई हातातला शेवटचा घास तसाच धरून नवऱ्याकडे बघे.

"सगळ्यांचं झालं. माझ्या लेकराचं नाव कोणत्या दिशेला तोंड करून घेऊ, एवढं तरी सांगा."

किसनसिंग गोठ्याकडे निघून जात. दर खेपेला गुरे घेऊन जाताना ते तिथे थांबत आणि एक दगड वर ठेवून पुढे जात, हे मात्र घरात सर्वांना ठाऊक होते. कुलदीप बरोबर असे, तेव्हा ते त्याला गुरांपाशी थांबवून एकटेच जात. एकदा मुलाने धीर करून कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या याडीला तिथं नेली असती तर ती तिथून उठली नसती. मग वर्स निघून गेली अन् बोलायला तोंड राहिलं न्हाई." घरात गोरमाटी बोली चाले, तिच्यात आईला याडी म्हणतात.

केशरनंतर पुष्कळ वर्षांनी झालेला कुलदीप तांड्यातला संगणक शिकलेला पहिला मुलगा. नांदेडला पदवीचा अभ्यास अर्ध्यावर टाकून तो परतला आणि बाळापुरात पुनमचंद शेठ यांनी काढलेल्या संगणक वर्गात शिकवू लागला. काम त्याला आवडे. मुलांना टंकलेखन शिकवावे, तलाठ्याचे किंवा सोसायटीचे कागद छापून द्यावेत, वीज गेली की बॅटरीवर दोन यंत्रे चालवून बाकीची झाकून ठेवावीत, असा त्याचा शिस्तीचा दिनक्रम होता. लग्न झाले, दिपा घरात आली. त्यानंतर काही काळ सर्व नीट चालले.

दोन हजार सहा साली नांदेडहून कोणीतरी एका खेळाची सीडी आणली. खेळ जुन्या अमेरिकेतला होता. लाल डोंगर, लाकडी घरांची गावे, काटेरी झुडपे, आणि या सगळ्यातून घोड्यावर बसून हवे तिकडे फिरणारा एक स्वार. त्याला बंदुकीची कामे होती. मुलांना तीच आवडत. कुलदीपला मात्र दुसऱ्याच गोष्टीने झपाटले. त्या मुलखात चांदणीच्या आकाराचे पितळी बिल्ले ठिकठिकाणी लपवलेले होते. कोठे, हे खेळ सांगत नसे. एखादा सापडला की घंटीसारखा नाद होई आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा एकाने वाढे.

दुपारी दोन तुकड्यांच्या मध्ये तो खुर्ची ओढून बसे. आरंभी तो दिसेल त्या खडकामागे बघे. मग त्याच्या ध्यानात आले की, येथेही ठसे बघून उपयोग नाही; लपवणाऱ्याचे मन बघितले पाहिजे. लपवणाऱ्याला उंच जागा आवडत. एकटे झाड आवडे. धबधब्याची मागची बाजू, ओसाड खाणीचे तोंड, पडक्या पुलाचा खालचा खांब आवडे. जिथे सहज जाता येते तिथे तो काहीच ठेवत नसे. हे एकदा कळल्यावर कुलदीप दुरूनच डोंगराची रेघ बघून घोडा वळवू लागला, आणि बहुतेक वेळा नाद होई.

पुनमचंद शेठ दारातून डोकावत आणि विचारत, "काय गुरुजी, आज घोडा कुठवर आला? त्याच्या पेंडीचं बिल तर आपल्याला लागणार नाही ना?"

घरी दिपा भाकरी वाढताना म्हणे, "ते पितळंचे बिल्ले मोडीत घालून एखादा तांब्या तरी येईल का हो?"

कुलदीप हसे. बिल्ल्यांचे मोल काही नाही, हे त्यालाही कळत होते. पण त्या मुलखाची एक गोष्ट त्याच्या मनात खोल उतरली होती आणि ती त्याला स्वतःलाही कळली नव्हती. तिथे जे ठेवले आहे ते ठेवलेलेच असते. तुम्ही आज गेला नाहीत तर उद्या जा, पावसाळ्यानंतर जा. डोंगर झिजत नाही, झाड तुटत नाही, वाट सांगणारा म्हातारा होत नाही.

त्याच वर्षी किसनसिंगांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितले की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा. किसनसिंगांनी ते ऐकून घेतले आणि एका बाजारच्या दिवशी, काठीने वाट चाचपीत, ते संगणक वर्गाच्या पायऱ्या चढून आले. कुलदीप पडद्यासमोर होता. त्याने वडिलांना स्टूल दिले, पाणी दिले आणि पुन्हा खुर्चीत बसला. किसनसिंगांनी मान वाकडी करून, डाव्या डोळ्याने पडदा न्याहाळला.

"हा कोणता मुलूख?"

"अमेरिकेचा, बापू. जुन्या काळचा."

"गवताची काडी दिसंना. ह्यांची गुरं काय खातेत?"

"चित्रातली गुरं हायेत बापू, त्यायला चारा लागत न्हाई."

"अन् घोडा? सकाळधरनं पळून राहिला असंल. पाणी दाखवलं का त्याला?"

"त्याला तहान न्हाई लागत."

"बरं हाय. असे बैल मला भेटले असते तर आज माझा बंगला राहिला असता." किसनसिंग स्वतःशीच हसले. मग काठी गुडघ्यांत उभी धरून म्हणाले, "उजव्या डोळ्यापुढं नुसतं धुकं हाय. डावा हाय तवर एकदा माझ्यासंगं पुसेगावच्या पुढं चल. केशरची जागा तुला दाखवतो. मग तू तुझ्या याडीला ने. माझ्यानं ते झालं न्हाई. तुझ्यानं व्हईल."

कुलदीपच्या हातात त्या वेळी स्वाराचा लगाम होता. घोडा एका कड्याच्या अरुंद कंगोऱ्यावर उभा होता; बोट जरा ढळले असते तर तो दरीत जाऊन सगळा चढ पुन्हा चढावा लागला असता. सर्व बिल्ले मिळाले होते. एकच राहिला होता.

"जाऊ ना बापू. एकच राहिला आता. एवढा सापडला की निघू."

"काय राहिला?"

"बिल्ला."

किसनसिंगांनी काठी गुडघ्यांतून काढून हातात घेतली. त्यांना राग आला नव्हता. जनावराच्या मागे लागलेल्या माणसाला मध्येच हाक मारू नये, एवढी समज त्यांच्या धंद्याने त्यांना दिली होती. मग, हातात आहे तो वेळ तरी का दवडावा, अशा विचाराने त्यांनी सांगायला सुरुवात केली. "पुसेगाव सोडलं की..." असे म्हणून ते बोलत राहिले. आवाज हलका होता. मध्ये मध्ये ते काठीने जमिनीवर काहीतरी दाखवीत होते. कुलदीप पडद्यावरची नजर न काढता "हं" म्हणत होता. घोडा कंगोऱ्याच्या टोकाशी पोचला. तिथे काहीच नव्हते. त्याने सुस्कारा टाकून मागे पाहिले तेव्हा किसनसिंग उठून उभे राहिले होते आणि म्हणत होते, "...एवढं ध्यानात ठेवलं तरी बराबर जाशील."

"व्हय बापू," कुलदीप म्हणाला.

त्याने वडिलांना हात धरून पायऱ्या उतरवून दिल्या. त्याच क्षणी "बापू, मधलं मी ऐकलं न्हाई, पुन्हा सांगा," असे म्हणणे सहज शक्य होते. पण तसे म्हणणे म्हणजे आपण ऐकत नव्हतो हे कबूल करणे. आणि बरोबर जायचेच आहे, तेव्हा जागा डोळ्यांनी दिसेलच, मग म्हाताऱ्याचे मन कशाला दुखवा, असे त्याने स्वतःला समजावले. मनुष्य आपल्या आळसाला सौजन्याचे नाव किती चटकन देतो, हे त्याला फार पुढे उमगले.

शेवटचा बिल्ला दिवाळीनंतर सापडला. एका ओसाड गावातल्या पडक्या प्रार्थनामंदिराच्या मनोऱ्यावर, घंटेच्या आतल्या बाजूला तो अडकवलेला होता. तुतारी वाजली, पडद्यावर एक ओळ उमटली आणि स्वाराला नक्षीचे खोगीर मिळाले. कुलदीपने ते खोगीर थोडा वेळ बघितले आणि यंत्र बंद केले.

आता निघायला हरकत नव्हती. पण तो निघाला नाही. आधी वर्गाच्या परीक्षा आल्या, मग तुरीची कापणी आली, मग दिपाच्या माहेरी लग्न निघाले. पुढे कुलदीप सगळा दोष त्या खेळावर टाकू पाही. परंतु तो मनाचा सरळ होता आणि खेळ संपल्यावरचे दिवस त्याला विसरता येत नसत. विशेष म्हणजे किसनसिंगांनीही जाण्याचा विषय पुन्हा काढला नाही. ते अंगणात निवांत बसून असत. कुलदीपला वाटले, त्यांनाही घाई नाही.

संक्रांत झाली आणि एका सकाळी किसनसिंग तोंड धुताना तांब्यासकट खाली कोसळले. जीव राहिला, उजवे अंग आणि वाचा गेली. डाव्या डोळ्यातला राहिलेला उजेडही त्यानंतर झपाट्याने मंदावला.

कुलदीपच्या पायांखालची जमीन सरकली ती तेव्हा. वडिलांच्या उशाशी बसून तो रोज आठवू लागला. "पुसेगाव सोडलं की" एवढे आठवे. "एवढं ध्यानात ठेवलं तरी" हेही आठवे. मधली जागा कोरी. उलट, त्या कड्यावरचा प्रत्येक दगड, घोड्याचे प्रत्येक पाऊल त्याला जसेच्या तसे दिसे. तो कानाशी तोंड नेऊन विचारी, "बापू, झाड हाय का तिथं? ओढा हाय का?" किसनसिंग डावा हात उचलत, खाली ठेवत. त्या हालचालीचा अर्थ होकार की नकार, हे ठरवता येत नसे.

अखेर त्याने तांड्यातल्या हरिचंदची जीप ठरवली. घरी सांगितले की हिंगोलीला डॉक्टरांना दाखवायचे आहे. वडिलांना पुढच्या सीटवर उशा लावून बसवले आणि हिंगोली ओलांडून गाडी पुसेगावकडे काढली. मधल्या वर्षांत रस्ता रुंद झाला होता. जुनी वळणे कापून सरळ केली होती, नवे पूल झाले होते. लहानपणी तो गुरांपाशी थांबे ते ठिकाणही त्याला ओळखू येईना. पुसेगाव मागे पडताच कुलदीप वडिलांच्या हाताकडे टक लावून बसला.

हात उठला. "थांब!" कुलदीप ओरडला. हरिचंदने करकचून गाडी थांबवली. दोन्ही बाजूंना उघडी शेते होती. हात पुन्हा उठला, मग पुढे झाला, मग मांडीवर पडला.

"मागं घेऊ का पुढं?" हरिचंदने विचारले.

"थोडी मागं घे. नको, पुढं."

"कुलदीप, एक ठरव बाबा. मागनं मालमोटार येऊन राहिली."

असे तीन-चारदा झाले. हरिचंद वयाने मोठा होता. त्यानेही एके काळी गुरे हाकली होती. परतताना तो म्हणाला, "आपलं चुकलं गड्या. तुझा बाप ह्या वाटंनं कधी चाकावर गेला न्हाई. त्याच्या ध्यानात ही वाट बैलाच्या चालीची हाय. कुठं चढ लागतो, कुठं बैल दम खातो, कुठं वारा अंगावर येतो, असं त्याचं गणित. जीपीत बसवून आपण त्याला आंधळ्यापेक्षा आंधळा केला. गाडीबैल घेऊन आलो असतो तर त्यानं बराबर हात केला असता."

हे कुलदीपला पटले. आणि आपल्याला, गुरे हाकणाऱ्याच्या मुलाला, हे आधी सुचले नाही याची खंत त्याच्या मनात रुतून बसली. त्याने पुसेगावच्या एका शेतकऱ्याकडे बैलगाडी ठरवली. ऊन कमी झाले की निघायचे होते. त्याआधीच, चैत्रात, किसनसिंग गेले.

दिवसकार्य होऊन पाहुणे परतल्यावर जिवनबाई मुलाजवळ येऊन बसली.

"जागा तुला ठाव हाय न्हवं?"

कुलदीपने आईकडे पाहिले. आयुष्यभर तिने हा प्रश्न ज्याला विचारला तो माणूस आता राहिला नव्हता. "न्हाई" हा शब्द त्याच्या तोंडातून निघाला नाही.

"व्हय, याडी."

"मग काळ्या अमावसंला ने मला. तुझ्या बापाचं न् तिचं नाव एकदाच घेईन."

पुढचे सहा-सात महिने कुलदीप सवड मिळेल तेव्हा मोटारसायकलने त्या रस्त्यावर जाई. म्हाताऱ्या गुराख्यांना विचारी. कोणाला काही सांगता येत नसे. दगडांचे ढीग रस्त्याच्या कामात कोठे गेले ते कोणी मोजले नव्हते. मग त्याच्या हातून ती चूक झाली, जी केवळ त्याच्याकडूनच होऊ शकली असती. वडिलांच्या मनात शिरायचे सोडून तो त्या बिल्ले लपवणाऱ्याच्या मनाने शोधू लागला. रस्ता सोडून आत, साखऱ्याच्या रोखाने, एक माळ होता. माळाच्या टोकाला एकच एक पळस, त्याच्या मागे खोलगट ओहळ, आणि पळसाच्या बुडाशी गवतात दडलेले चार-सहा दगड. ती जागा बघताच त्याच्या छातीत घंटीचा नाद झाला. हीच, असे त्याला वाटले. निदान हीच आहे असे सांगता येईल एवढी ती सुंदर होती.

काळ्या अमावस्येला सकाळच्या बसने मायलेक पुसेगावला उतरले आणि चालू लागले. जिवनबाईने डोक्यावरून पदर घेतला होता. हातात फडक्यात बांधलेली लापशी, तुपाची वाटी आणि गोवऱ्यांचे तुकडे होते. वय झाले होते, तरी ती चालत होती झपझप. रस्त्याच्या दोन्ही कडांकडे तिची नजर जात होती. कुलदीप माळाकडे वळला तशी ती थबकली.

"इकडं काहून?"

"इकडंच हाय, याडी."

ती मागोमाग चढली. पळसापाशी आल्यावर कुलदीपने दगडांकडे बोट केले. जिवनबाई उभीच राहिली. तिने झाड बघितले, मागचा ओहळ बघितला, मग वळून, खाली दूरवर दिसणाऱ्या रस्त्याकडे बराच वेळ बघितले.

"इतकं आडबाजूला?"

"व्हय."

"तांड्यात लेकराला कोणी आडबाजूला ठेवत न्हाई, कुलदीप. वाटंच्या कडंला ठेवतेत. जाणाऱ्या-येणाऱ्याचा पाय पडावा, कोणी एक दगड टाकावा, लेकराला एकटं वाटू नये म्हणून. अन् तुझा बाप तर दर खेपंला गुरं हाकता हाकता दगड ठेवत व्हता. एवढा माळ चढून यायला त्यायला गुरं सोडून द्यावी लागली असती."

कुलदीपला गुरांपाशी थांबवून वडील पलीकडे जात आणि बिडी विझायच्या आत परत येत, ते सगळे त्याला त्या क्षणी लख्ख दिसले. हे दिसायला माळ चढण्याची आवश्यकता नव्हती.

"त्यायनं तुला काय सांगितलं व्हतं?" जिवनबाईने विचारले. आवाजात राग नव्हता. "त्या बाजारच्या दिशी तुझ्याकडून घरी आले अन् मला म्हणाले, पोराला सगळं सांगितलं, पोरगं हं हं करून ऐकून राहिलं व्हतं. आता माझ्या डोक्यावरचं वझं उतरलं. किती वर्सांनी त्या दिशी ते पोटभर जेवले."

पळसाच्या बुडाशी एक होला आला आणि उडाला. कुलदीपने सांगायला तोंड उघडले. परंतु काय सांगावे? आपल्या हातात त्या वेळी एका चित्रातल्या घोड्याचा लगाम होता, हे आईला कसे समजावे? तो खाली मान घालून उभा राहिला, आणि जिवनबाईला जे कळायचे ते त्या मानेवरून कळले.

तिने फडके सोडले नव्हते. ते तसेच उराशी धरून ती माळ उतरू लागली. कुलदीप हात द्यायला पुढे झाला, तेव्हा तिने तो घेतला. पण त्याच्याकडे बघितले नाही. रस्त्यावर आल्यावर ती कडेच्या धुळीत बसली. गोवऱ्या पेटवल्या. निखारे झाल्यावर तूप सोडले, लापशी सोडली. "किसनसिंग," तिने नाव घेतले, आणि मग, कोणत्याही एका दिशेला तोंड न करता, आधी पुसेगावकडे, मग साखऱ्याकडे बघून, दोनदा म्हणाली, "केशर. केशर, बाई." समोरून गुरांनी भरलेली एक मालमोटार गेली आणि तिच्या वाऱ्याने धूर रस्त्याच्या पलीकडे वाहून गेला.

कुलदीपने रस्त्याकडेचा एक दगड उचलला आणि तो कोठे ठेवावा हे न कळून हातात धरून ठेवला.

"टाक कुठं बी," जिवनबाई म्हणाली. "चल, बस चुकंल."

त्यानंतरही काळी अमावस्या दर वर्षी आली. जिवनबाई चुलीपुढे बसून सगळ्यांची नावे घेई, केशरचेही घेई, आणि शेवटचा घास हातात न धरता तोही निखाऱ्यावर सोडून देई. कुलदीप शेजारी बसलेला असे. तिने एकदा तरी पुन्हा विचारावे, म्हणजे आपल्याला सगळे सांगता येईल, असे त्याला वाटे. तिने कधी विचारले नाही.